रेगाटासाठी इल्का होडी तयार करताना: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

इल्का ही एकट्याने चालवायची शिडाची छोटी होडी, आणि रेगाटा म्हणजे अशा होड्यांची स्पर्धा. १९७१ साली ती लेझर या नावाने बाजारात आली, १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०१९ पासून तिचं अधिकृत नाव इल्का झालं. कुलाब्यापासून हैदराबादच्या हुसेनसागरापर्यंत लोक मात्र अजून लेझरच म्हणतात. २०२३ मध्ये हांगझूला झालेल्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने इल्का ४ मध्ये रौप्य आणि विष्णू सरवणनने इल्का ७ मध्ये कांस्य मिळवलं, ते याच होडीत.

तिन्ही प्रकारांत होडीचा सांगाडा एकच: लांबी सुमारे ४.२ मीटर, रुंदी १.३७ मीटर, वजन साधारण ५९ किलो. बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा. इल्का ७ चं शीड ७.०६ चौरस मीटरचं, इल्का ६ चं ५.७६ आणि इल्का ४ चं ४.७. इल्का ४ चा खालचा तुकडा आखूड असतो आणि कारखान्यातूनच किंचित वाकवलेला येतो, तेव्हा तो वाकडा दिसला म्हणून घाबरू नका. साधारण ८० किलोचा माणूस इल्का ७ ला शोभतो, ६० ते ७० किलोचा इल्का ६ ला, आणि त्याहून हलक्या मुलामुलींनी इल्का ४ पासून सुरुवात करावी.

या वर्गात, म्हणजे एकाच मापाच्या या होड्यांच्या गटात, हल (होडीचा सांगाडा), शीड, डोलकाठी, बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) सगळं परवानाधारक उत्पादकाचंच लागतं. जास्त पैसे टाकून वेगवान होडी मिळत नाही. फरक पडतो तो इथे: कोणाच्या होडीत पाणी शिरतंय, कोणाचं सुकाणू खुळखुळतंय, कोणाचा दोर ऐन वेळी अडकतोय. असा फुकट जाणारा वेग शोधून थांबवणं म्हणजे तयारी. ती आदल्या रात्री होत नाही, दोन आठवडे हाताशी ठेवा. गळती सापडली तर हल वाळायलाच तीन-चार दिवस जातात.

आधी कागद

स्पर्धेची नोटीस ऑफ रेस मिळवा आणि शेवटपर्यंत वाचा. नोंदणीची मुदत, यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाचं सदस्यत्व, वर्ग संघटनेचं सदस्यत्व, विमा, आणि होडीची तपासणी कधी नि कुठे, हे सगळं त्यात असतं. शिडावरचा नंबर होडीच्या नंबराशी जुळायला हवा. क्लबची किंवा भाड्याची होडी असेल आणि शीड दुसरं असेल, तर आयोजकांची लेखी परवानगी आधीच घ्या. तपासणीच्या टेबलापाशी ही गोष्ट सुटत नाही.

वर्गाचे नियम छापून जवळ ठेवा. इल्काचे नियम उलट्या बाजूने वाचायचे असतात: जे स्पष्टपणे चालेल म्हटलेलं नाही, ते चालत नाही. दोर बदलण्याआधी, भोक पाडण्याआधी, काहीही चिकटवण्याआधी नियम उघडून बघा.

हल: पाणी कुठून येतं ते शोधा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आत पाच लिटर पाणी फिरत असेल तर प्रत्येक लाटेला ते मागे-पुढे धावतं आणि होडी जड पडते. म्हणून पहिलं काम गळतीचं.

ट्रॉलीवर होडीची नाळ (पुढचं टोक) उंच करा, मागचं बूच काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी खाली ठेवलेल्या भांड्यात किती पाणी जमलंय ते मोजा. कपभर पाणी निघालं तर फार चिंता नाही. प्रत्येक सरावानंतर लिटरभर निघत असेल तर गळती आहे.

आता हवेची चाचणी. हलमध्ये हवा जायला-यायला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) पुढच्या भिंतीपाशी. उन्हात आतली हवा फुगते तेव्हा जोड उसवू नये म्हणून ते असतं. त्यावर तात्पुरती टेप लावा. बुचाच्या भोकात रबरी नळी घट्ट बसवून तोंडाने फुंका, आणि दुसऱ्याला भांड्यांच्या लिक्विडचं पाणी ब्रशने लावायला सांगा: डेक आणि हल जिथे जुळतात ती संपूर्ण कड, डोलकाठीच्या खळग्याचा काठ, बेलरभोवती (कॉकपिटमधलं पाणी बाहेर ओढणारं झाकण), सुकाणूच्या कड्यांचे स्क्रू, दोरांच्या क्लीटचे (दोर धरून ठेवणाऱ्या चापांचे) स्क्रू, पायपट्टीचे (बाहेर झुकताना पाय अडकवायच्या पट्टीचे) पट्टे. जिथे बुडबुडे येतील तिथे पेन्सिलने खूण करा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कधीही लावू नका. त्या दाबाने चांगला जोडही फाटतो. चाचणी झाली की छिद्रावरची टेप काढायला विसरू नका.

स्क्रूतून हवा येत असेल तर तो काढा, भोक वाळू द्या, मरीन सीलंट भरून परत बसवा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. तिथे जाडा स्क्रू ठोकून काम भागवू नका, जाणकाराला दाखवा. पायपट्टीचा स्क्रू उपटला की माणूस थेट पाठीवर पाण्यात जातो, तोही नेमका जोराच्या वाऱ्यात.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी डोलकाठीच्या खळग्याची. किनाऱ्यावर डोलकाठी उभी करताना बुडाला वाळूचे कण चिकटतात. त्या कणांवर डोलकाठी फिरत राहते आणि खळग्याचा तळ घासत जातो. शेवटी भोक पडतं आणि पाणी सरळ हलमध्ये उतरतं. वरून काहीच दिसत नाही. खळगा पाण्याने काठोकाठ भरा, पातळीवर टेपची खूण करा आणि वीस मिनिटं थांबा. पातळी उतरली तर होडी पाण्यात नेऊ नका. डोलकाठीवर येणारा सगळा जोर हा खळगा पेलतो आणि तो फुटला तर डेक चिरतो. तळ शाबूत असेल तर यापुढे एकच सवय लावा: डोलकाठी बसवण्याआधी दर वेळी तिचं बूड आणि खळगा गोड्या पाण्याने धुवायचा. तळाशी पातळ चकती ठेवायला वर्गाचे नियम परवानगी देतात, ती ठेवाच.

बुचाची आणि बेलरची ओ-रिंग काढून बघा. कडक झालेली किंवा चिरलेली असेल तर बदला. नवी बसवताना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. बेलर होडी चालत असतानाच पाणी ओढतो. थांबलेल्या होडीत तो उघडा राहिला तर त्यातूनच पाणी आत येतं.

तळाचे ओरखडे

तळ धुऊन, वाळवून तळहात फिरवा. डोळ्यांना न दिसणारे खड्डे हाताला लागतात. नखाला न अडकणारे ओरखडे सोडून द्या, पॉलिशने भागतं. काचतंतू उघडे पडले असतील तर मात्र भरणं भाग आहे, कारण तिथून पाणी आत झिरपतं.

भरण्याआधी जागा पूर्ण कोरडी हवी. पॉलिएस्टर जेलकोटमध्ये (हलवरचा गुळगुळीत थर) साधारण २ टक्के हार्डनर, म्हणजे ५० ग्रॅमला १ ग्रॅम. जास्त घातलं की लवकर सुकतं खरं, पण ठिसूळ होतं. जेलकोटला उघड्या हवेत वरचा थर चिकट ठेवायची खोड असते, म्हणून भरल्यावर त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद दाबून बसवा. इपॉक्सीच्या लांबीवर (पुट्टीवर) पॉलिएस्टर जेलकोट नीट सुकत नाही आणि धरतही नाही. दोन्ही मिसळू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम घरात, पंख्याखाली करा.

सुकल्यावर लाकडी ठोकळ्याभोवती वॉटर पेपर गुंडाळून घासा: आधी ४००, मग ६००, ८००, १२००, भरपूर पाण्यासकट. बोटांनी घासलं तर खाच पडते. घासायचं ते फक्त भरलेल्या जागेपुरतं. होडी हलकी करायला किंवा आकार बदलायला तळ घासणं या वर्गात मना आहे आणि तपासणीत ते पकडलं जातं.

डोलकाठी आणि बूम

वरचा तुकडा सपाट फरशीवर लोळवा. सरळ असेल तर एकसारखा लोळतो, वाकलेला असेल तर ठरावीक जागी उड्या मारतो. २०१७ पासून वरचा तुकडा काचतंतू-कार्बन मिश्रणाचाही मिळतो आणि तो सहसा वाकत नाही. जुन्या क्लबच्या होड्यांत अजून अल्युमिनियमचे असतात. अल्युमिनियमच्या तुकड्यावर जोडाच्या कड्याचं एक रिव्हेट असतं आणि तुटतो तो बहुधा तिथेच. जोराच्या वाऱ्यात डोलकाठीचं टोक मागे वाकतं, त्यामुळे पुढच्या बाजूला ताण येतो आणि मागच्या बाजूला दाब. भेग ताणाच्या बाजूने सुरू होते. म्हणून रिव्हेट मागे, बूमकडे तोंड करून बसवा.

दोन तुकड्यांचा जोड हलता कामा नये. हलत असेल तर खालच्या बाजूला इन्सुलेशन टेपचा एखादा वेढा द्या, नियमात बसतं. फार जाड गुंडाळलीत तर स्पर्धा संपल्यावर दोघे मिळूनही तो तुकडा निघणार नाही.

खालच्या तुकड्यावर गूजनेक (बूम डोलकाठीला जोडणारा सांधा) आणि किकरचा (बूम खाली ओढून धरणाऱ्या दोराचा) पट्टा नीट बघा. स्टीलचे रिव्हेट आणि अल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी साचलं की पांढरी पूड जमते, आणि धातू आतून खाल्ला जातो. रिव्हेट अंगठ्याने हलत असेल तर स्पर्धेआधी बदलून घ्या. बूमच्या मधल्या कप्पीपाशी आणि किकरच्या जागी बारीक भेग आहे का तेही पाहा.

आणि डोलकाठी डेकला बांधणारा दोर: वर्गाच्या नियमानुसार तो सक्तीचा आहे. होडी पूर्ण उलटली की डोलकाठी खळग्यातून निसटायला लागते आणि अर्धवट बाहेर आलेली डोलकाठी तरफेसारखी खळग्याचा काठ उचकटते. चार मिलिमीटरचा छोटा दोर पुरतो. तो किंचित सैल ठेवा, डोलकाठी फिरायला मोकळी हवी.

डॅगरबोर्ड आणि सुकाणू

डॅगरबोर्ड म्हणजे होडीच्या मधून पाण्यात उतरवायची फळी. त्याची आणि सुकाणूची मागची कड आधी बघा. किनाऱ्यावर टेकवताना तिथेच खवले उडतात. खवले उडालेली कड पाण्यात गुणगुणते, आणि तो आवाज म्हणजे गेलेला वेग. इपॉक्सी लांबीने मूळ आकारापर्यंत भरा, ४०० आणि ६०० ने घासा. मुळापेक्षा पातळ धार काढणं नियमाबाहेर आहे.

डॅगरबोर्ड खोबणीत ठेवाल तिथे थांबलं पाहिजे. पुढचं रबर झिजलं असेल तर ते आपोआप वर येतं किंवा खाली पडतं. नाळेच्या कडीपासून डॅगरबोर्डच्या डोक्यापर्यंत लवचीक दोरी बांधा. होडी उलटली तरी बोर्ड निसटत नाही, आणि बोर्ड गेला तर होडी सरळ करायला उभं राहायला जागाच उरत नाही.

सुकाणूचं पातं पूर्ण पुढे, खाली दाबलेलं राहायला हवं. त्याचा दोर न ताणणारा, डायनीमाचा घ्या. पातं दोन-तीन अंश जरी मागे सरकलं तरी पाण्याचा दाब फिरण्याच्या अक्षापासून दूर जातो आणि टिलर (सुकाणूचा दांडा) एकदम जड होतं. नवख्यांना वाटतं की वारा वाढला म्हणून होडी ओढतेय, खरं कारण दोर सुटलेला असतो. पात्याचा बोल्ट लॉकनटने आवळा: हाताने जोर लावून हलेल इतपत घट्ट. टिलर सुकाणूच्या डोक्यात घट्ट बसलं पाहिजे, हललं तर टेप लावा. टिलरला जोडलेल्या काठीच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या, रबरी सांध्याला दोन्ही बाजूंना वाकवून भेगा शोधा. शेवटी सुकाणू वर उचलून ओढा. स्प्रिंगच्या पट्टीने त्याला अडवलं पाहिजे. ती पट्टी चपटी झाली असेल तर उलटलेल्या होडीतून सुकाणू सरळ तळाला जातं.

दोर

इथे वेळ द्या. पाण्यावर हाताला लागतात ते दोरच, आणि शर्यतीत बिघडतातही तेच.

मेनशीट, म्हणजे शीड आवळायचा-सोडायचा मुख्य दोर, किमान ६ मिलिमीटरची हवी असं वर्गाचा नियम सांगतो. बहुतेक जण ६ किंवा ७ मिलिमीटरची, सुमारे १३ मीटर लांब घेतात. फार लांब शीट कॉकपिटमध्ये पायात अडकते. फार आखूड असेल तर वाऱ्याबरोबर जाताना बूम पूर्ण बाहेर जात नाही. सुक्या जमिनीवर बूम ९० अंशांपलीकडे ढकलून पाहा आणि मग कापा. शीट बूमच्या टोकाच्या कप्पीला बांधून सुरू होते, खाली ट्रॅव्हलरच्या (मागच्या डेकवरच्या आडव्या दोराच्या) कप्पीतून वर बूमच्या टोकाला, बूमच्या बाजूने मधल्या कप्पीला, आणि खाली कॉकपिटच्या रॅचेट कप्पीतून हातात. रॅचेट ओढताना कट्‍कट् वाजायला हवी. उलटी ओवली तर ती पकडणारच नाही. दुसरं टोक पायपट्टीच्या बुडाशी बांधा, म्हणजे शीट पाण्यात ओढली जात नाही.

ट्रॅव्हलर ५ किंवा ६ मिलिमीटर डायनीमाचा आणि शक्य तितका ताठ. सैल ट्रॅव्हलरवर कप्पी मधेच अडकते आणि बूम बाहेर न जाता वर उचललं जातं. ट्रॅव्हलर टिलरच्या वरून जातो. जिथे घासतो तिथे दर दिवशी बोट फिरवा, आठवड्याभरात दोराचं वरचं आवरण जाऊ शकतं. त्यासाठीच टिलर चपटं आणि डेकलगत हवं.

किकर, कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर) आणि आउटहॉल (शिडाची तळकड बूमवर ताणणारा दोर) हे तिन्ही एका हाताने, बाहेर झुकलेलं असताना ओढता आले पाहिजेत. होडी गवतावर आडवी करा, पायपट्टीत पाय अडकवून कडेवर बसा आणि एकेक ओढून पाहा. जो अडतो त्याच्या कप्पीत वाळू किंवा मीठ असतं. गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, वाळल्यावर थोडा सिलिकॉन स्प्रे मारा. तेल लावू नका, त्यावर वाळू चिकटते. सैल सोडल्यावरही दोर आपणहून सरकतो का ते बघा. आउटहॉल सोडला तरी शीड फुगत नसेल तर क्ल्यू, म्हणजे शिडाचा मागचा खालचा कोपरा, बूमवर घसरत नाही. क्ल्यू बांधणारा दोर बूमलगत हवा, पण बोटाने मागे-पुढे होईल इतका मोकळा.

किकरची एक जुनी तक्रार आहे. वाऱ्याबरोबर जाताना किकर सैल सोडला की त्याची चावी बूमच्या खाचेतून गळून पडते, आणि पुढच्या वळणाला शीड आवळताच येत नाही. चावीला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले की हा प्रश्न मिटतो. किकरचा बारीक मुख्य दोर कप्पीजवळ घासतो. केसाळ दिसायला लागला की बदला, तुटायची वाट पाहू नका.

गाठींमध्ये बोलाइन आणि दुहेरी आठाची गाठ एवढ्या दोन पक्क्या आल्या तरी सगळं काम होतं. टोकं लायटरने वितळवा, गाठीबाहेर निदान ५ सेंटिमीटर शेपूट ठेवा. डायनीमा निसरडा असतो, आखूड शेपूट ताणाखाली सुटतं.

शीड

शीड गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. सरावाला जुनं शीड वापरा आणि नवं स्पर्धेसाठी राखा, पण स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी नवं शीड पहिल्यांदा उघडू नका. निदान दोन सराव त्यावर व्हायला हवेत.

तिन्ही बॅटन (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) खिशात पूर्ण आत गेल्या आहेत आणि टोकं टोपीत बसली आहेत याची खात्री करा. अर्धवट बसलेली बॅटन फडफडाटात शीड फाडते. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या लोकरीच्या किंवा रिबिनीच्या दोऱ्या दोन्ही बाजूंना लावा, डोलकाठीपासून हातभर मागे. शिवणीच्या शेजारी लावल्या तर टाक्यांना चिकटून राहतात आणि खोटं सांगतात.

वाऱ्याप्रमाणे जुळवणी

पुढचे आकडे वाऱ्याच्या तोंडावर चढतानाचे, सुरुवातीला धरून चालायचे. बूमवर आणि डेकवर पेन्सिलने खुणा करा म्हणजे तीच जुळवणी पुन्हा सापडते.

हलका वारा, ६ नॉटपर्यंत, म्हणजे तासाला साधारण ११ किलोमीटर: बूमच्या मध्यावर शिडाची तळकड बूमपासून १० ते १२ सेंटिमीटर. किकरचा फक्त ढिलेपणा काढलेला. कनिंगहॅम पूर्ण सैल. पुढच्या कडेवर आडव्या सुरकुत्या दिसल्या तरी चालतं. मेनशीट पूर्ण आवळू नका, बूमच्या टोकाच्या आणि ट्रॅव्हलरच्या कप्प्यांत वीतभर अंतर ठेवा, नाहीतर शिडाची मागची कड बंद होते आणि वारा अडतो. कॉकपिटच्या पुढच्या टोकाला बसा आणि होडी वारा जिकडे जातो त्या बाजूला किंचित कलती ठेवा.

मध्यम वारा, ७ ते १४ नॉट: मेनशीट दोन कप्प्या एकमेकींना टेकेपर्यंत. किकर तिथपर्यंत आवळा. तळकड १५ ते १८ सेंटिमीटर, लाटा असतील तर आणखी थोडी भरलेली. कनिंगहॅम सुरकुत्या जाण्यापुरता. होडी सपाट, आणि इथूनच पाय पट्टीत.

जोराचा वारा, १५ नॉटच्या वर: आधी कप्प्या टेकवा, मग किकर शक्य तितका ओढा. शीट सोडली की बूम वर न जाता आडवं बाहेर जायला हवं, त्याने शीड सपाट राहतं. कनिंगहॅम एवढा ओढा की शिडाचं भोक बूमच्या पातळीला येईल. आउटहॉल आवळून तळकड १० सेंटिमीटरच्या आत. डॅगरबोर्ड ५ सेंटिमीटर वर घेतला तर होडी कमी कलते.

यात नवखे फसतात ते वरच्या चिन्हाशी, म्हणजे वारा येतो त्या बाजूच्या वळणाच्या बोयाशी. एवढ्या आवळलेल्या किकरने वाऱ्याबरोबर वळलात तर बूमचं टोक पाण्याला टेकतं, शीट सोडूनही शीड मोकळं होत नाही आणि होडी उलटते. चिन्हाच्या दहा मीटर आधी किकर सैल करा, मग कनिंगहॅम आणि आउटहॉल. पण किकर पूर्णच सोडला तर शिडाचा वरचा भाग पिळवटून पुढे जातो आणि होडी वाऱ्याच्या बाजूला डुलत डुलत पालथी पडते. बूम क्षितिजाशी साधारण समांतर राहील इतका ठेवा.

शर्यतीचा दिवस

मुंबईत पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत सकाळी मतलई (जमिनीवरून येणारा) वारा असतो आणि दुपारी वायव्येकडून खारा (समुद्रावरून येणारा) वारा भरतो. सकाळच्या वाऱ्यावर केलेली जुळवणी दुपारी चुकीची ठरते. भरतीची वेळ लिहून ठेवा. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि प्रवाह जोराचा असतो. अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) तोच बराच मंदावतो. नांगरलेल्या बोयाशी थांबून बघा: पाणी त्याला कोणत्या बाजूने वळसा घालतंय आणि किती वेगाने. ओहोटी सुरुवातीच्या रेषेकडे ढकलत असेल तर सगळे रेषेच्या पुढे निघून जातात. खडकवासल्याच्या किंवा हुसेनसागराच्या पाण्याला प्रवाह नाही, तिथे डोंगर आणि इमारतींमुळे वारा फिरतो, तेव्हा नजर झोतांवर ठेवा.

पहिल्या इशाऱ्याच्या ४५ मिनिटं आधी पाण्यावर असा. दोन्ही टॅकवर, म्हणजे वारा एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूने घेऊन, पाच-पाच मिनिटं चढून बघा. मग बोर्ड थोडा वर उचलून आणि मागे वाकून सुकाणू बघा. मुंबईच्या पाण्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकणं नेहमीचं, आणि ती अडकलेली होडी कितीही चांगली जुळवली तरी मागेच राहते. जीवरक्षक जाकीट, शिट्टी, दोन मीटर बारीक डायनीमा, टेपचा छोटा रोल आणि दोन लिटर पाणी सोबत ठेवा. सहा मीटरपेक्षा लहान होडीला निषेधासाठी लाल झेंडा लागत नाही, पण घटना घडताच मोठ्याने ‘प्रोटेस्ट’ म्हणावं लागतं.

घड्याळ झेंड्यावर लावा, भोंग्यावर नाही. नियम झेंड्याचीच वेळ धरतात. पाच मिनिटांना वर्गाचा झेंडा, चार मिनिटांना तयारीचा झेंडा, एका मिनिटाला तो खाली आणि शून्यावर सुरुवात. तयारीचा झेंडा कोणता हे बघणं महत्त्वाचं आहे. साधा पी असेल तर वेळेआधी रेषेपुढे गेलेल्याने परत येऊन नव्याने सुरुवात करायची. काळा असेल तर शेवटच्या मिनिटात रेषा आणि पहिलं चिन्ह यांच्या त्रिकोणात सापडलेला बाद, आणि शर्यत पुन्हा सुरू झाली तरी त्याला त्यात घेत नाहीत. यू झेंड्याखाली तीच चूक केली तर बाद होतो, पण शर्यत पुन्हा सुरू केली तर परत भाग घेता येतो. दुसऱ्या होडीशी नियम मोडला तर दोन वळणं, चिन्हाला शिवलात तर एक. ती लगेच घ्या. गुण कमीत कमी असतील तो जिंकतो, पहिल्याला १, दुसऱ्याला २, म्हणून एका बादीचे गुण दोन-तीन चांगल्या शर्यती खाऊन टाकतात.

दोन दिवसांच्या मधली संध्याकाळ

होडी, दोर, कप्प्या, डोलकाठीचा खळगा आणि सुकाणूच्या कड्या गोड्या पाण्याने धुवा. बूच काढून नाळ उंच ठेवा, निघालेलं पाणी मोजा आणि कालच्याशी ताडून पाहा. वाढलं असेल तर जोडांवर रात्रीपुरती टेप लावून सकाळी पुन्हा बघा. ट्रॅव्हलर, किकरचा मुख्य दोर आणि पायपट्टीच्या गाठी या तीन जागी बोट फिरवा. शीड वाळवून गुंडाळा. अधिकृत सूचनाफलक पाहून या: दुसऱ्या दिवसाची सुरुवातीची वेळ आणि झालेले बदल संध्याकाळीच तिथे लागतात, आणि निषेध दाखल करायची मुदतही तिथेच लिहिलेली असते.